चिमूटभर उंबलकड

“सात दिवस तोंडात मासा नको, मांस नको, अंडंसुद्धा नको. वर चढताना ‘दमले’ म्हणायचं नाही. आणि ‘अजून किती राहिलं’ हे तर कुणालाच विचारायचं नाही. विचारलं की डोंगर वाढतो.”

आई हे सांगत होती तेव्हा मी रत्नपुरच्या इस्पितळात तिच्या खाटेशी बसले होते. तिनं उशीखालून पांढऱ्या चिंधीत बांधलेलं एक नाणं काढलं आणि माझ्या मुठीत दिलं. ते नाणं माझ्या ओळखीचं होतं. माझा धाकटा भाऊ गुणपाल सैन्यात होता. उत्तरेकडच्या लढाईतून चार महिने त्याचं पत्र नव्हतं, त्या दिवसांत आईनं ते हळदीच्या पाण्यात धुऊन डोंगराच्या राखणदार समन देवाच्या नावानं बांधलं होतं. नवस असा, माझा मुलगा दोन पायांवर घरी येऊ दे, मी श्रीपादाच्या डोंगरावर येऊन हे तुझ्यापाशी ठेवीन. गुणपाल आला, दोन पायांवर आला. आज कुरुणेगलला त्याचं टायरचं दुकान आहे आणि पोट सुटलं आहे. पण तोवर आईचे गुडघे गेले होते. अकरा वेळा डोंगर चढून वरची घंटा अकरा वेळा वाजवलेली बाई, शेवटी शेवटी आमच्या विहिरीच्या तीन पायऱ्या तिला उतरवेनात.

“तू ने,” ती म्हणाली. “देवाला ताटकळत ठेवू नये.”

मी हो म्हणाले. त्याला नऊ वर्षं झाली.

डोंगर मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला उघडतो आणि वैशाखाच्या पौर्णिमेला मिटतो. नेमके तेच महिने श्रीलंका बघायला येणाऱ्या पाहुण्यांचे. मी गाइड आहे, सव्वीस वर्षं झाली. सगळा गाव पांढरे कपडे घालून डोंगराकडे निघायचा तेव्हा मी कुणाला तरी सीगिरियाची भिंत दाखवत असायची. दर साली गाडीच्या काचेतून बोट करून सांगायची, तो पाहा, ढगांतला तो निमुळता, तो श्रीपाद. नाणं माझ्या हातपिशवीच्या आतल्या कप्प्यात असायचं. दाखवताना माझा दुसरा हात आपोआप पिशवीवर जायचा.

यंदा जानेवारीत डॉक्टरांनी माझ्या डाव्या गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरला. वैशाख झाला की शस्त्रक्रिया करू, म्हणाले. “नंतर चालाल, बाजारहाट कराल. पण हजारो पायऱ्यांचं नाव काढायचं नाही.”

म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

ऑफिसातून मार्चच्या दौऱ्याचा कागद आला तेव्हा मी तो देवासमोर बसून वाचला. पंधरा दिवस, पाहुणी एकच, सगळी हॉटेलं वरच्यातली वरची. आठव्या दिवसासमोर लिहिलं होतं, ‘मस्केलिया, चहामळ्यातला बंगला, विश्रांती.’ त्या बंगल्यापासून डोंगराचा पायथा गाडीनं अर्ध्या तासावर. पहिल्या दिवसापासून सातव्यापर्यंत मी बोटं मोजली. बरोबर सात भरत होती. हा कागद ऑफिसातल्या पोरींनी नाही, दुसऱ्याच कुणी केला आहे असं मला वाटलं.

*

मिसेस थॉर्बर्न पर्थहून आल्या. वय पंचाहत्तर, उंच, जरा वाकलेल्या, आवाज पुरुषासारखा खर्जातला. आम्ही परदेशी बाईला नोना म्हणतो. पंचाहत्तराव्या वाढदिवसाला मुलानं आईला हा दौरा दिला होता. गाडी चालवायला सेल्वनायगम होता. सेल्वा म्हणजे हॅटनकडच्या चहामळ्यातला तमिळ, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला अक्का म्हणतो. अकरा वर्षं आम्ही एका गाडीत आहोत.

महागड्या हॉटेलांची रीत ठरलेली असते. गाडी थांबली की ढोल, मग हार, मग थंड रुमाल, मग शहाळ्याचं पाणी, मग हात जोडून मॅनेजर आणि त्याचं पाठ केलेलं भाषण. पहिल्या दिवशी नोना उभी राहून सगळं ऐकत होती. तिसऱ्या हॉटेलच्या फाटकाशी तिनं मला हळूच विचारलं, “इरांगनी, इथे मागच्या दारानं जाता येईल का?”

सेल्वा आरशातून म्हणाला, “नोना, मागच्या दाराशीपण ढोल असेल. ह्या दरात मागचं दार नसतंच.”

नोना हसली. दौऱ्यातलं ते तिचं पहिलं खरं हसू. बाकीचं हसू मी फोनमध्ये साठवत होते. कारण तिचा मुलगा, इयन त्याचं नाव, रोज संध्याकाळी मलाच निरोप पाठवायचा, आईचा फोटो पाठवा, हसताना.

“हसू?” नोना विचारायची.

“हसा.”

“झालं?”

“झालं.”

आणि चप्पल काढावी तसं ते हसू ती चेहऱ्यावरून काढून ठेवायची.

नोनाला न्हाणीघरात घसरण्याची भीती होती. म्हणून तिच्या शेजारची, मधल्या दाराची खोली तिनं माझ्यासाठी मागून घेतली. एरवी गाइड आणि ड्रायव्हर मागच्या बराकीत झोपतात. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी पुढच्या बाजूच्या खोल्यांत झोपले. तिथे माझ्या नेमधर्माची भलतीच पंचाईत व्हायची. खोलीत पणती लावली तर छतातून पाणी पडतं हे मी दांबुल्लात शिकले. भिजलेली उशी घेऊन मी पहाटे गच्चीत उभी होते. मग पुढे रोज बागेत जाऊन एखाद्या झाडाखाली दिवा लावायचा, पंचशील म्हणायचं. बिछान्यावर रोज संध्याकाळी चाफ्याची फुलं पसरलेली असायची, पण बिछान्यावरची फुलं बुद्धाला कशी वाहणार. ती बाजूला ठेवून मी नवी वेचायची. माळ्यांना वाटायचं, गाइडबाईला फुलांची फार हाव.

जेवण मात्र मागेच, ड्रायव्हर लोकांच्या खोलीत. प्रत्येक स्वयंपाकघरात जाऊन मी सांगायची, “मासा-मांस नको हं, व्रत आहे. श्रीपादाला जायचंय.” आचारी लगेच हात जोडायचे. भात, डाळ, कोवळ्या फणसाची भाजी आणि मिरची घालून वाटलेल्या खोबऱ्याचा लाल सांबोल. हबरणच्या हॉटेलातला सांबोल इतका चवदार होता की मी दोनदा वाढून घेतला आणि वाटेसाठी पानात बांधूनही मागितला. आचाऱ्याला निरोप दिला, व्रतात इतकं गोड जेवण मला ठाऊक नव्हतं म्हणून.

सेल्वा समोर बसून जेवत होता. तो माझ्या पानाकडे बघायचा आणि खाली मान घालून पुन्हा जेवायला लागायचा.

पाचव्या दिवशी कँडीत पौर्णिमा आली. पौर्णिमेला मी अष्टशील पाळते. दुपारनंतर अन्न नाही आणि उंच, मऊ शय्येवर निजणं नाही. तिथला बिछाना असा होता की चढायला शेजारी लाकडी पायरी ठेवली होती. मी जमिनीवर माझी चादर अंथरून निजले. सकाळी खोली आवरणारीनं मॅनेजरला सांगितलं आणि मॅनेजर फळांची टोपली घेऊन नोनासमोर उभा, गाइडबाईंना बिछाना पसंत पडला नाही, क्षमा असावी म्हणून.

तो गेल्यावर नोनानं विचारलं. मी सांगितलं. मग बोलण्यातून बोलणं निघालं आणि नाण्याचंही सांगितलं, आईचं, गुडघ्याचं, आठव्या दिवसाचं. नोनानं तिच्या बिछान्याकडे बघितलं.

“मलापण हा बिछाना आवडत नाही,” ती म्हणाली. “पण मी एकदा खाली बसले की उठायची नाही.”

मग म्हणाली, “आठवा दिवस तुमचा. मला कुठे नेऊ नका, काही दाखवू नका. एक दिवस मलापण न हसता हवा आहे.”

*

सातव्या दिवशी दुपार कलताना आम्ही मस्केलियाला पोचलो. पांढरा बंगला, पुढे हिरवळ, खाली तलाव आणि तलावापलीकडे डोंगर, त्या दिवशी अगदी उघडा. दोन रस्त्यांपैकी हॅटनकडचा हा रस्ता सोपा. आई नेहमी रत्नपुरच्या लांबच्या रस्त्यानं चढायची आणि इकडून चढणाऱ्यांना हसायची. आई, मला हसलीस तरी चालेल, असं मी मनात म्हणाले. शिखरावरच्या खडकात उमटलेल्या पावलाला आम्ही बुद्धाचं म्हणतो, सेल्वा शिवाचं म्हणतो, मशिदीत जाणारे आदमचं म्हणतात. पायऱ्या सगळ्यांना तेवढ्याच.

पहाटेच्या शिदोरीचं सांगायला मी मागे स्वयंपाकघरात गेले. आचारी पियदास, साठीचा, केस पांढरे, उखळापाशी बसला होता. मी दारातच थांबले. डोळ्यांच्या आधी कानांना कळलं. दगडावर दगड आपटावा तसा तो आवाज मी जन्मभर ऐकत आले आहे. उंबलकड. मोठा मासा उकडायचा, धुरी द्यायची आणि उन्हात असा वाळवायचा की त्याचं लाकूड होतं. त्याचा चुरा डाळीत, भाजीत, सांबोलात. माझ्या घरी त्याचा डबा मिठाच्या शेजारी असतो.

“हे कशात घालता आहात?” मी विचारलं.

“तुमच्याच सांबोलात, मिस. सकाळच्या भाताबरोबर बांधून देतो.”

“मी मासा नको म्हणून फोन केला होता.”

पियदासनं माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या तुकड्याकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

“मासा कुठे घातलाय? हे तर उंबलकड.”

मला त्याच्यावर रागावता येईना. आठ दिवसांपूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मीही हेच म्हणाले असते. घरी पौर्णिमेला माझा हात आपोआप तो डबा टाळतो, हाताला ते माहीत आहे. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात हात माझा नव्हता. तोंडानं सांगितलं मासा नको, आणि त्या तोंडालाही उंबलकड आठवली नाही. चवही ओळखली नाही, कारण ती नसती तरच वेगळं लागलं असतं. नेगोंबो, दांबुल्ला, हबरण, कँडी. सकाळ, दुपार, संध्याकाळ. हबरणला तर मी दोनदा वाढून घेतलं होतं.

“किती घालता?” मी उगाच विचारलं.

“चिमूटभर,” तो म्हणाला. “चवीला.” त्याचा चेहरा आता उतरला होता. “मिस, मी दुसरा करतो. नवा नारळ खवतो.”

“नको,” मी म्हणाले. “तुमचं काही चुकलं नाही.”

सेल्वा अंगणात गाडीची काच पुसत होता.

“सेल्वा, सांबोलात उंबलकड असायची, तुला ठाऊक होतं?”

“चव येत होती की.”

“मग बोलला का नाहीस?”

त्यानं फडकं पिळलं. “अक्का, मला वाटलं तुमच्यात चालतं. आमच्यात नाही चालत. आमची आई तर त्या वासाची पिशवीपण दाराबाहेर ठेवायला लावायची. पण तुमचं अकरा वर्षं बघतोय ना. तुमच्या लोकांची उंबलकड म्हणजे भाजीच.”

“तोंड सांभाळ.”

“सांभाळलं म्हणून तर सात दिवस गप्प बसलो.”

एरवी मला हसू आलं असतं. मी पायरीवर बसले. गुडघा ठणकत होता आणि समोर डोंगर इतका स्पष्ट दिसत होता की वरच्या वाटेवरचे दिव्यांचे खांबसुद्धा मोजता आले असते.

“पहाटे तीनला निघायचं ना?” सेल्वानं विचारलं.

“नाही निघायचं.”

“अक्का, देव काय तोंडाचा वास घेणार आहे?”

“आई घेईल.”

काचेवरचा एकच डाग तो पुन्हा पुन्हा पुसत राहिला. “गुडघ्याचं काय मग? वैशाख कुठे लांब आहे? अशी सुट्टी परत कोण देणार?”

मी बोटं मोजत होते. उद्यापासून सात दिवस म्हणजे चौदावा दिवस. पंधराव्याला सकाळी नोनाचं विमान. आणि त्याच संध्याकाळी सोळा जणांचा पुढचा गट उतरणार, कागदावर माझं नाव घालून. तो गेला की लगेच दुसरा. सेल्वालाही ते पाठ होतं, कारण गाडी त्याचीच होती.

“सोळा जण,” तो एवढंच म्हणाला.

रात्रीच्या जेवणाला नोना एकटीच त्या लांब टेबलाच्या टोकाशी बसली होती. मी तिला सांगितलं.

“चिमूटभर?”

“चिमूटभर.”

“आणि तुम्हाला माहीत नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग दोष कुणाचा?”

तिच्या भाषेत मी सव्वीस वर्षं राजे, तलाव, स्तूप, चहा सगळं सांगत आले आहे. हे सांगायला मला शब्द सुचेनात. शेवटी म्हणाले, “दोषाचं नाही, नोना. नाणं माझं नाही. दुसऱ्याची वस्तू पोचवायची तर नीट पोचवावी.”

तिनं मान हलवली. पटलं की नाही कुणास ठाऊक, पण तिनं पुन्हा विचारलं नाही. “उद्याचा दिवस मात्र ठरल्यासारखाच,” ती म्हणाली.

म्हणून आठव्या दिवशी आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. मी माझा भात स्वतः शिजवला होता, मीठ घालून, वर नुसतं खवलेलं खोबरं. पियदास दाराआडून बघत होता, आपल्या घरातलं कुणी गेल्यासारखा. डोंगरावर सकाळी ऊन होतं, मग ढग आले, मग पुन्हा ऊन.

“इथून किती लांब आहे?” नोनानं विचारलं.

“असं विचारत नाहीत.”

“बरं.”

दुपारी इयनचा फोन आला. ती त्याला म्हणाली, “आज फोटो नाही. आज मी बसले आहे.” पलीकडून काहीतरी बोलणं झालं. “नाही रे, आजारी नाही. बसले आहे म्हणजे बसले आहे.”

*

पुढचे दिवस मला एकामागून एक नीट आठवत नाहीत. दमलेल्या माणसाची आठवणही ओझं कमी करत जाते. एल्लाचं हॉटेल कड्यावर होतं आणि खोलीपर्यंत शहाण्णव पायऱ्या होत्या. त्या मोजल्या, कारण त्या डोंगरावरच्या नव्हत्या. यालाच्या जंगलात आमचे तंबू होते आणि तंबूत पितळी टब. पहाटे जीपमधून धक्के खात बिबळ्या बघायला गेलो तर तो झाडावर पाय सोडून झोपला होता. “शहाणा आहे,” नोना म्हणाली. तिचा फोटो काढला. हसू? हसा. झालं? झालं.

मी भात खात होते आणि उकडलेला कसावा, खोबरं, मीठ. डाळ फक्त समोर उभं राहून शिजवलेली. आचारी लोकांना राग यायचा. एकजण म्हणाला, “मिस, आमच्यावर भरवसा नाही का?” मी म्हणाले, “माझ्यावरच नाही.” गुडघ्याला सूज होती. रोज पहाटे दिवा लावताना खाली बसायला एक श्वास आणि उठायला तीन.

दहाव्या दिवशी गाडीत ऑफिसचा फोन आला. मालक विजेतुंग महत्तया स्वतः.

“मिस इरांगनी, पंधरा तारखेचे सोळा जण. त्यांना मी सांगून ठेवलंय, आमची सगळ्यात अनुभवी बाई तुम्हाला मिळणार.”

आमच्याकडे कामाला कुणी नाही म्हणत नाही. बघू म्हणतात, होऊन जाईल म्हणतात, मान तिरकी हलवतात, आणि समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं. सव्वीस वर्षांत मीही कधी म्हटलं नव्हतं.

“मला जमणार नाही, महत्तया.”

“म्हणजे बघू म्हणताय ना?”

“नाही. नाही म्हणते आहे.”

“काय झालं? घरी कुणी आजारी?”

“आईचं एक काम राहिलं आहे.”

माझ्या आईच्या अंत्यविधीला ते आले होते. आता ते फार मऊ आवाजात म्हणाले, “ऑपरेशननंतर तुम्हाला बसून करायची कामं लागतील. ती कामं थोडी असतात आणि मागणारे पुष्कळ. तेवढं लक्षात असू द्या.”

“हो,” मी म्हणाले.

मी फोन पिशवीत ठेवला. तो नाण्याच्या कप्प्यातच गेला. सेल्वानं रस्त्यावरून नजर काढली नाही. दोन वळणं गेल्यावर म्हणाला, “अक्का, पाणी प्या.”

तेराव्या दिवशी आम्ही गाल्लला, समुद्राकाठी होतो. आत नोनासाठी सात पदार्थांचं जेवण मांडलं होतं, एकेका मोठ्या ताटलीत बोटाएवढं काहीतरी आणि वर फेस. मी आणि सेल्वा मागच्या खोलीत जेवायला बसलो होतो, तेवढ्यात दारात नोना. तिथले सगळे ड्रायव्हर ताटावरून उठून उभे राहिले. त्या खोलीत कधी पाहुणा आला नव्हता.

“बसा, बसा,” ती म्हणाली आणि एक प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. मग आचाऱ्याकडे वळून, माझ्या पानातल्या डाळीकडे बोट करून, शाळामास्तरणीच्या आवाजात तिनं विचारलं, “उंबलकड?”

आमच्या भाषेतला तो एकच शब्द ती शिकली होती. आचाऱ्यानं दोन्ही कान पकडले. “नाही नोना. बुद्धाशप्पथ नाही.”

“मग मलापण द्या.”

तिनं चमच्यानं भात आणि डाळ खाल्ली, सावकाश, सगळं संपवलं. बाहेर लाटांचा आवाज येत होता.

“इथे ढोल नाही,” ती म्हणाली.

सेल्वा म्हणाला, “मॅनेजरला कळलं की उद्यापासून इथेपण आणतील.”

*

पंधराव्या दिवशी सकाळी आम्ही विमानतळावर होतो. सात दिवस भरले होते. मी पहाटे नेगोंबोत दिवा लावून, पंचशील म्हणून आले होते. सेल्वानं सामान ढकलगाडीवर रचलं. नोनानं हातातली पिशवी उघडली आणि त्यातून गुडघ्याला चढवायची लवचीक पट्टी काढली, तिच्या पायाला रोज असायची तीच.

“धुतली आहे,” ती म्हणाली. “वाळली आहे की नाही सांगता येत नाही. मला आता नुसतं विमानात बसायचं आहे.”

मी ती दोन्ही हातांनी घेतली. थोडी ओली होती.

“वर पोचायला पायथ्यापासून किती,” तिनं सुरुवात केली, आणि थांबली. मला म्हणाली, “विचारलं नाही मी.”

“नाही विचारलं.”

तिनं मला जवळ घेतलं, उंच बाई, हाडं हाडांना लागली, आणि ती आत गेली. आतून वळून एकदा हसली. मी फोन काढला नाही.

सेल्वाला संध्याकाळपर्यंत तिथेच थांबायचं होतं, सोळा जणांसाठी, दुसऱ्या गाइडबरोबर. त्यानं खिशातून कागदाची घडी काढली. “डोंगराच्या पायथ्याशी, नल्लतन्नियाला बस थांबते ना, तिथून वर तिसरं चहाचं दुकान. माझी थोरली बहीण, राजेश्वरी. तिला फोन केलाय. आज तिच्याकडे झोपा, गुडघ्याला शेक देईल. काय वाढेल ते डोळे मिटून खा. तिच्या घरात तो डबाच नाही.”

“तुमच्यात चालत नाही ना,” मी म्हणाले.

“आमच्यात नाही चालत.” तो हसत होता. मग म्हणाला, “अक्का, ऑफिसात तुमच्याबद्दल विचारलं तर काय सांगू? परत कधी येणार म्हणून?”

“खरं सांग.”

“मग बघू म्हणतो.”

बायकांच्या खोलीत जाऊन मी पांढरं लुगडं नेसले. पट्टी गुडघ्यावर चढवली. घट्ट बसली, जराशी गार. पिशवीच्या आतल्या कप्प्यातलं नाणं काढून कमरेला खोचलं, आई खोचायची तसं. चिंधी नऊ वर्षांत पिवळी पडली होती, गाठ मात्र तिचीच, मी कधी सोडली नव्हती.

बाहेर ऊन चढलं होतं. कोलंबोची बस भरत आली होती. मी उजवा पाय आधी टाकून चढले, खिडकीपाशी बसले. कंडक्टरनं पांढऱ्या लुगड्याकडे बघितलं आणि आवाज उतरवला.

“श्रीपाद ना, अम्मा? कोलंबोला उतरा, तिथून हॅटनची बस, मग पुढे दुसरी. लांब आहे हं, सांगतो तुम्हाला, किती तास ते…”

“राहू दे, बाळा,” मी म्हणाले. “तिकीट दे.”